छातीत पाणी की पू? डिस्चार्ज कार्डावरच्या जे ९० आणि जे ८६ बद्दल

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी आमच्या मागच्या गल्लीतल्या काकी फाईल घेऊन आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत एक्सरे, सीटीची मोठी फिल्म, औषधांच्या चिठ्ठ्या आणि सगळ्यात वर डिस्चार्ज कार्ड. काका चौदा दिवस दवाखान्यात होते, आता घरी आलेत, पण इन्शुरन्सवाल्यांनी क्लेम अडवून ठेवलाय. मी बेळगावातच एका दवाखान्याच्या मेडिकल रेकॉर्डमध्ये काम करते, आजारांना कोड लावायचं माझं काम, त्यामुळं गल्लीत कुणाच्याही घरी असं काही कागद-पत्राचं आलं की ते माझ्याकडंच येतंय. काकींनी कार्डावर बोट ठेवलं आणि विचारलं, "अगं, हितं दोनदा आयसीडी लिवलंय बघ. वर 'आयसीडी डन' आणि खाली 'आयसीडी जे ९०'. नळी एकदाच घातली होती की गं, दोनदाचं बिल लावलंय काय?"

काकींचा प्रश्न अगदी रास्त होता. पहिली आयसीडी म्हणजे इंटरकॉस्टल ड्रेन, बरगड्यांच्या मधून छातीत घालतात ती नळी, जिचं दुसरं टोक कॉटखाली पाणी घातलेल्या बाटलीत बुडवून ठेवलेलं असतंय. दुसरी आयसीडी म्हणजे इंटरनॅशनल क्लासिफिकेशन ऑफ डिसीजेस, आजारांची जगभर चालणारी यादी. तीच तीन अक्षरं, एक नळी आणि एक यादी. (हार्टच्या पेशंटला छातीत एक मशीन बसवतात त्यालापण आयसीडीच म्हणतात, पण ते इथं नाही.) छातीच्या आजाराच्या कार्डावर पहिल्या दोन्ही आयसीडी एकाच पानावर येतात आणि घरची माणसं हमखास गोंधळतात, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढावं असं तेव्हापासून डोक्यात होतं.

नळीचं मी त्यांना समजावलं, पण खरी अडचण जे ९० मध्ये होती. इन्शुरन्सच्या पत्रात विचारलेलं की नुसत्या प्लुरल इफ्युजनला म्हणजे छातीतल्या पाण्याला चौदा दिवस ॲडमिशन, दोनदा सीटी आणि एवढी भारी इंजेक्शनं कशासाठी? कागदावर बघितलं तर त्यांचंही चुकीचं नव्हतं. काकांच्या छातीतून पू निघाला होता, बाटली भरभरून निघाला होता, काकींनी डोळ्यानं बघितलेला, आणि कार्डावर पू हा शब्दच कुठं नव्हता.

आधी कोड म्हणजे काय ते सांगते. शेताच्या एकाच तुकड्याला गावात कोण ओढ्याकडची पट्टी म्हणतंय, कोण आज्जीचा तुकडा म्हणतंय, पण उताऱ्यावर सर्व्हे नंबर एकच असतोय नव्हं, तसं हे. छातीतल्या पूला डॉक्टर एम्पायमा लिहू दे, पायोथोरॅक्स लिहू दे, प्लुराचा म्हणजे फुप्फुसाच्या पडद्याचा ॲब्सेस लिहू दे, नंबर एकच येणार, जे ८६. १८९३ साली जाक बर्तियों नावाच्या फ्रेंच आकडेतज्ज्ञानं शिकागोच्या सभेत मरणाच्या कारणांची एक यादी मांडली, तिथनं ही परंपरा. १९४८ मध्ये यादी डब्ल्यूएचओकडं आली, सध्या आम्ही वापरतो ती दहावी आवृत्ती १९९० ला मंजूर झाली आणि १९९४ पासून देशादेशांत लागू होत गेली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अधिकृत झालीय, त्यात कोडची अक्षरं सगळीच बदललीत, पण इथं तुमच्या हातात जो कागद येतोय त्यावर अजून दहावीचाच कोड असतोय म्हणून मी दहावीचंच सांगणार.

कोडमधलं पहिलं अक्षर म्हणजे आजाराचा साधारण भाग. जे म्हणजे श्वासाचे आजार, जे ०० पासून जे ९९ पर्यंत. पुढचे दोन आकडे म्हणजे नेमका आजार आणि टिंबानंतरचा आकडा म्हणजे त्यातला प्रकार. जे ८५ आणि जे ८६ ही दोघं मिळून यादीत एक छोटा वेगळा गट आहे, फुप्फुसाकडचे पू होणारे आणि सडणारे आजार.

आता छातीत काय होतंय ते बघा, कारण हे कळलं की कोड आपोआप कळतोय.

फुप्फुसावर एक पातळ पडदा चिकटलेला असतोय आणि बरगड्यांच्या आतल्या बाजूला तसाच दुसरा. दोघांच्या मधे जागा अशी नसतेच म्हणा, चमचा-दोन चमचे पातळ ओलावा, श्वास घेताना पडदे एकमेकांवर घासू नयेत एवढ्यापुरता. निमोनिया झाला की फुप्फुस सुजतंय, त्या सुजेनं मधल्या जागेत पाणी झिरपायला लागतंय. सुरवातीला हे पाणी निवळ असतंय, जंतू नसतात, वेळेत अँटिबायोटिक चालू झालं तर बऱ्याच जणांचं आपलंआपण जिरून जातंय. पण जंतू त्या पाण्यात उतरले की सगळं बदलतंय. अंगातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावतात, मरतात, पाणी गढूळ होतंय, त्यात कोळिष्टकासारखे धागे तयार होतात आणि त्या धाग्यांनी जागेचे कप्पे कप्पे पडतात. म्हणून एका कप्प्यात सुई घातली तर थोडंच निघतंय आणि घरच्यांना वाटतंय डॉक्टरांनी नीट काढलंच नाही. शेवटी पू दाट होतोय आणि फुप्फुसावर साल धरल्यासारखा जाड थर बसतोय, मग पू काढला तरी फुप्फुस फुगत नाही कारण त्याला त्या सालीनं आवळून धरलेलं असतंय. ती साल सोलून काढायच्या ऑपरेशनला डिकॉर्टिकेशन म्हणतात. दुर्बिणीनं करतात ते व्हॅट्स.

म्हणजे पाणी, गढूळ पाणी, पू, साल हा एकच प्रवास आहे, आणि पेशंट दवाखान्यात कुठल्या टप्प्यावर पोचलाय ह्यावर सगळं ठरतंय. डॉक्टर पाण्याची तपासणी करतात ती ह्यासाठी. पीएच ७.२ च्या खाली, पाण्यातली साखर ६० मिलिग्रॅमच्या खाली, एलडीएच नावाचं एन्झाइम हजाराच्या वर असं आलं की नुसत्या गोळ्यांवर भागत नाही, नळी घालायची वेळ आलीय असं ते धरतात. आणि सुईतनं सरळ पूच आला तर पीएच बघत बसायची गरजच नाही, तो एम्पायमा.

आता कोड. जे ९० म्हणजे छातीतलं पाणी, आणि यादीत त्याच्या नावातच लिहिलंय की दुसरीकडं कुठं न बसणारं. म्हणजे ही शेवटची जागा आहे, कारण माहीत नाही किंवा लिहिलेलं नाही तेव्हाची. हार्ट कमजोर होऊन पाणी झालं तर मुख्य कोड हार्ट फेल्युअरचा, आय ५०. टीबीचं पाणी असेल तर टीबीचा. पू असेल तर जे ८६. तरीपण कार्डांवर जे ९० इतक्या वेळा दिसतोय कारण ॲडमिशनच्या दिवशी एक्सरेत पाणीच दिसतंय, केसपेपरवर डॉक्टर तेच लिहितात, आणि दोन आठवड्यांनी डिस्चार्जच्या घाईत तोच पहिल्या दिवसाचा शब्द पुढं उतरवला जातोय. मधल्या दिवसांत पाण्याचा पू झालेला असतोय, तो नर्सिंगच्या चार्टवर असतोय, लॅबच्या रिपोर्टवर असतोय, पण शेवटच्या पानावर येत नाही. काकांचं नेमकं हेच झालेलं.

जे ८६ चे दोन भाग आहेत. जे ८६.० म्हणजे पू आहे आणि सोबत फिस्टुला, म्हणजे एखादी वाट, भोक पडलंय. जे ८६.९ म्हणजे फिस्टुला नाही, किंवा त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. हे भोक म्हणजे काय? कधी श्वासनळीची एखादी फांदी आणि पूची जागा एकमेकांना जोडली जातात, मग पेशंट खोकला की नळीच्या बाटलीत बुडबुडे येत राहतात, थांबतच नाहीत, आणि काही पेशंट एका कुशीवर वळले की खोकल्यातनं भसकन पू येतोय. कधी पू आतनं चामडीपर्यंत वाट काढतोय. आणि कधी वाट लिव्हरकडनं येते, लिव्हरमधला पूचा फोड वरचा पडदा फोडून छातीत फुटतोय. बाहेरच्या पाण्यातनं जाणाऱ्या अमिबामुळं लिव्हरला असे फोड होतात, मग पेशंट खोकल्याची तक्रार घेऊन येतोय आणि मूळ दुखणं पोटात असतंय, तेव्हा अमिबाच्या फोडाचा कोड ए अक्षराच्या भागात आहे तो आधी शोधायला लागतोय, एकट्या जे ८६ वर भागत नाही. टिंबापुढं शून्य की नऊ ह्या एका आकड्यावर पेशंट महिनाभर दवाखान्यात का राहिला, सर्जनला का बोलावलं हे सगळं अवलंबून असतंय. म्हणून डॉक्टरांनी ब्रॉन्कोप्लुरल फिस्टुला असे दोन शब्द लिहिलेत का हे मी प्रत्येक एम्पायमाच्या फाईलमध्ये मुद्दाम शोधते.

जे ८५ हा शेजारचा कोड, पण जागा वेगळी. जे ८६ चा पू फुप्फुसाच्या बाहेर, दोन पडद्यांच्या मधे. जे ८५ चा पू फुप्फुसाच्या आत, मांस गळून पोकळी झालेली. आत फोड आणि सोबत निमोनिया असेल तर जे ८५.१, निमोनिया नसेल तर जे ८५.२, फुप्फुसाचा भागच सडला असेल तर जे ८५.०, आणि दोन फुप्फुसांच्या मधल्या भागात, हृदयाच्या आजूबाजूला पू झाला तर जे ८५.३. पेशंटला काय, दोन्हीत ताप, दोन्हीत धाप, दोन्हीत छाती दुखते. पण आतल्या फोडाला डॉक्टर सहसा लगेच नळी घालत नाहीत, तो बऱ्याचदा श्वासनळीतनंच खोकल्यावाटे रिकामा होतोय आणि औषधं आठवडेच्या आठवडे चालतात. बाहेरच्या पूला मात्र बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नाही. सीटी स्कॅन करतात ते आत की बाहेर हे बघायला, त्यामुळं "एवढा एक्सरे असताना सीटी कशाला" असं कुणी म्हटलं तर उत्तर हे आहे.

ह्यात एक चूक इतकी होते की वेगळी सांगतेच. एम्पायमा आणि एम्फिसिमा. इंग्रजीत लिहिताना दोन-तीन अक्षरांचा फरक, डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात तर काहीच फरक दिसत नाही. एम्फिसिमा म्हणजे वर्षानुवर्षं विडी-सिगरेट ओढून किंवा धुरात राहून फुप्फुसाच्या पिशव्या फाटून सैल होतात तो आजार, जे ४३. त्यात ना पू ना ताप. एम्फिसिमा हा जुनाट आजार, एम्पायमा हा पंधरा दिवसांचा घात. एका फाईलवर जे ४३ पडलेला मी स्वतः बघितलाय, पेशंट तरुण, कधी विडीला हात न लावलेला, नळी घालून पू काढलेला, आणि कागदावर मात्र म्हाताऱ्या विडी ओढणाऱ्याचा आजार. त्या कोडमुळं उद्या इन्शुरन्सवाला म्हणणार हा जुना आजार होता तुम्ही लपवलात. दुसरं म्हणजे नुसतं एम्पायमा लिहिलं तर छातीच असेल असं नाही, शरीराच्या कुठल्याही पोकळीत पू साठला तर हाच शब्द वापरतात. पित्ताच्या पिशवीत पू झाला तर तोपण एम्पायमा, त्याचा कोड के ८१.० कडं जातोय. म्हणून आम्हाला शिकवलंय की आधी यादीच्या तिसऱ्या खंडात म्हणजे सूचीत शब्द शोधायचा, मग पहिल्या खंडात जाऊन त्या कोडखाली काय बसतंय आणि काय बसत नाही हे वाचल्याशिवाय कोड लावायचा नाही. सूचीवरनं सरळ कोड उचलणारे चुकतात.

आता टीबी. आपल्या देशात छातीत पाणी म्हटलं की डॉक्टरांच्या मनात टीबी येतोच, आणि यायलाच पाहिजे. जे ८६ खाली यादीत स्पष्ट लिहिलंय की टीबीमुळं झालेला पू इथं नाही, तो ए १५ आणि ए १६ मध्ये. पाण्यात किंवा पडद्याच्या तुकड्यात टीबी सिद्ध झाला तर ए १५.६, डॉक्टरांनी टीबी म्हणून उपचार चालू केले पण तसा पुरावा कागदावर नाही तर ए १६.५. इथं एक बारीक गोष्ट आहे जी पेशंटच्या घरच्यांनीपण लक्षात ठेवावी. पाण्याची एडीए नावाची तपासणी करतात, ती ४० च्या वर आली की टीबी असं सगळीकडं पसरलंय. पण साध्या जंतूंच्या पूमध्येपण एडीए चांगलीच वर जाते. म्हणजे पू असेल तर एकट्या एडीएवर टीबीचं नाव पडू नये, बाकीचं बघून डॉक्टरच ठरवणार. आणि उलटंही आहे, छातीच्या पाण्यात टीबीचे जंतू इतके कमी असतात की सीबीनॅट म्हणजे टीबीचे जंतू शोधायची मशीनवरची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाहीच असंपण होत नाही.

हे इतकं ताणून सांगायचं कारण, टीबीचा कोड पडला की पेशंटचं आयुष्यच वेगळ्या रस्त्याला लागतंय. साधारण सहा महिन्यांची औषधं, सरकारच्या नि-क्षय पोर्टलवर नोंद (२०१२ पासून टीबीची नोंद सरकारला कळवणं खाजगी दवाखान्यांनापण सक्तीचं आहे), पोषणासाठी महिन्याला पैसे, जे नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १००० झालेत. खरा टीबी असलेल्या माणसाला जे ८६.९ लागला तर तो ह्या सगळ्यातनं सुटतोय, घरच्यांची तपासणी होत नाही, आणि नसलेल्याला टीबीचा कोड लागला तर फुकट सहा महिन्यांच्या गोळ्या आणि गावात लोकांचं बोलणं.

जंतूचं थोडक्यात. जे ८६ पू सांगतोय, कुठल्या जंतूचा ते सांगत नाही. कल्चरमध्ये जंतू उगवला असेल तर त्याचा जोडकोड लावायचा, स्टॅफिलोकोकस ऑरियस असेल तर बी ९५.६, निमोनियावाला स्ट्रेप्टोकोकस असेल तर बी ९५.३, क्लेबसिएला असेल तर बी ९६.१. हे जोडकोड एकटे कधी येत नाहीत, मुख्य आजाराच्या पाठोपाठ येतात. शुगर असेल तर तिचा कोड वेगळा, आणि ती लिहिलेली असावीच कारण शुगरवाल्यांना हा आजार जास्त घट्ट धरतोय. बऱ्याच वेळा कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, कारण दवाखान्यात यायच्या आधी आठ दिवस गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलेलं असतंय. मग जंतूचा कोड नाही, एवढंच. त्यानं एम्पायमा खोटा ठरत नाही, क्लेममध्ये कुणी तसं म्हटलं तर मानू नका.

आता आमच्या इथली अडचण, जी पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या पट्ट्यातला पेशंट घरात मराठी बोलतोय, वॉर्डातल्या सिस्टर आणि डॉक्टर बऱ्याचदा कन्नड बोलतात, कागद सगळा इंग्रजीत. कन्नडमध्ये पाणी म्हणजे नीरु आणि पू म्हणजे कीवु. डॉक्टर राऊंडला येऊन सांगून जातात की कीवु आहे, नळी घालायला लागणार. ज्याला थोडंफार कन्नड येतंय तो नीरु ओळखतोय, कीवु शब्द त्यानं रोजच्या व्यवहारात कधी ऐकलेला नसतोय, बाजारात भाजी घेताना कीवु म्हणायची वेळच येत नाही. मग तो घरी फोन करून सांगतोय "छातीत पाणी झालंय म्हणालेत". घरचे पुढच्या डॉक्टरला तेच सांगतात, "पाणी झालं होतं". आणि त्या डॉक्टरच्या केसपेपरवर जुना आजार म्हणून पाणीच लिहिलं जातंय. काकींना मी विचारलं, डॉक्टरांनी काय म्हणून सांगितलेलं? त्या म्हणाल्या, "कीव का काय म्हणाले. मला वाटलं कीव आली म्हणत्यात आमची." हे ऐकून मला फार वाईट वाटलं. चौदा दिवस बाई नवऱ्याच्या उशाशी बसली होती आणि आजाराचं नाव तिला तिच्या भाषेत कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा आमच्या भागातल्या माणसांनी एवढे दोन शब्द शिकून ठेवावेतच, नीरु म्हणजे पाणी, कीवु म्हणजे पू, आणि डॉक्टरांना सरळ विचारावं, नीरु काय कीवु? कुठलाही डॉक्टर ह्याचं उत्तर देतोय.

लोक विचारतात, लॅब रिपोर्टवर पू दिसतोय तर तुम्हीच का कोड बदलत नाही. नाही बदलता येत. कोड लावणारा माणूस आजार ठरवत नाही, डॉक्टरांनी लिहिलेल्या शब्दाला नंबर देतोय. रिपोर्ट आणि कार्ड जुळत नसेल तर आम्ही डॉक्टरांना लेखी विचारतो, त्याला क्वेरी म्हणतात, की साहेब अमुक तारखेच्या रिपोर्टमध्ये पू आहे, अंतिम निदान काय ते लिहा. मॅडम किंवा सर बघून सही करतात, मग कोड. प्रश्नचिन्हाचंपण असंच आहे. "? एम्पायमा" असं लिहून ठेवतात आणि डिस्चार्जपर्यंत ते प्रश्नचिन्ह तसंच राहतंय. डब्ल्यूएचओचा नियम असा आहे की शेवटपर्यंत संशयच राहिला आणि दुसरी काही माहिती नसेल तर तो आजार आहे असं धरूनच कोड लावायचा. म्हणजे ते प्रश्नचिन्ह कोडमध्ये उतरत नाही, पुसून जातंय. डॉक्टरांना खात्री नसेल तर तीपण पूर्ण वाक्यात लिहायला पाहिजे.

पैशाचं बोलायचं तर दोन वेगळे नंबर ओळखून ठेवा. इन्शुरन्स क्लेमच्या फॉर्मचा भाग ब दवाखाना भरतोय, त्यात आयसीडी-१० च्या चौकटी असतात, मुख्य आजार, जोडीचे आजार, को-मॉर्बिडिटी म्हणजे सोबत असलेले दुसरे आजार. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये मात्र पैसे ठरतात ते पॅकेजवर, म्हणजे काय केलं ह्यावर, नळी घातली की साल काढायचं ऑपरेशन केलं. त्या पॅकेजचे कोड आयसीडीचे नव्हेत. बीपीएल घराला वर्षाला ५ लाखांपर्यंतची सोय आहे, पण आजार पाणी आणि पॅकेज पू काढायच्या ऑपरेशनचं असं दिसलं की मंजुरी देणारा थांबवणारच, त्याला दोन्ही कागद एकच गोष्ट सांगताना दिसायला पाहिजेत.

आणि एक जड विषय, पण टाळून चालणार नाही. माणूस गेला तर दवाखान्यानं फॉर्म ४ भरायचा असतोय, मरणाच्या कारणाचं प्रमाणपत्र. त्यात क, ख, ग अशा ओळी असतात असं समजा, वरच्या ओळीत शेवटी काय झालं, त्याखाली ते कशामुळं, त्याखाली ते कशामुळं. निमोनिया झाला, त्यातनं पू झाला, पूमुळं सेप्सिस म्हणजे अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग झाला असेल तर सगळ्यात खाली निमोनिया येतोय आणि देशाच्या हिशोबात तोच मोजला जातोय. नुसतं "हार्ट बंद पडलं" लिहिलं तर काहीच कळत नाही, कारण मरताना हार्ट सगळ्यांचंच बंद पडतंय. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ह्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाईकाला द्यायची आहे. दुःखात कुणाला सुचत नाही, पण घ्यावी. पुढं इन्शुरन्सला, कधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या आजाराच्या वेळी ती लागते.

आपल्याकडं पेशंट एका जागी थांबत पण नाही. इथं दाखवलं, बरं वाटेना, की मिरज, कोल्हापूर नाहीतर गोव्याला बांबोळी. प्रत्येक ठिकाणी राज्य वेगळं, योजना वेगळी, पाटीवरची भाषा वेगळी. कोड मात्र इथं जे ८६.९ तर मिरजेतपण जे ८६.९, म्हणून कागद नीट असला तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्यापासनं सुरवात करायला लागत नाही. नुसतं कार्ड नेऊ नका. पाण्याचा रिपोर्ट, कल्चरचा रिपोर्ट, सीटीचा लेखी रिपोर्ट, आणि नळी कुठल्या तारखेला घातली, कुठल्या तारखेला काढली, एवढं सोबत पाहिजे. हे मागायचा तुम्हाला हक्क आहे, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायला पाहिजे, आणि ते तीन वर्षं जपून ठेवायला पाहिजे.

काकींना मी एक अर्ज लिहून दिला, मराठीत विचार करून इंग्रजीत. पाण्याच्या दुसऱ्या रिपोर्टची तारीख, त्यात "पस" लिहिलेली ओळ, नळीच्या बाटलीत रोज किती आलं तो नर्सिंग चार्ट, ह्यांचा उल्लेख केला आणि अंतिम निदान तपासून सुधारित डिस्चार्ज समरी द्यावी अशी विनंती. त्या दवाखान्यात पहिल्या दिवशी "छापून झालंय, आता बदलत नाही" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी काकी थेट वॉर्डातल्या डॉक्टरांना भेटल्या, त्यांनी फाईल मागवली, पाच मिनिटं बघितली आणि स्वतःच्या हातानं लिहून सही-शिक्का मारून दिलं, उजव्या बाजूचा एम्पायमा, निमोनियातून झालेला, फिस्टुला नाही, टीबीचा पुरावा नाही. जे ८६.९, सोबत निमोनियाचा जे १८.९, आणि शुगरचा ई ११. क्लेम तीन आठवड्यांनी मंजूर झाला. काका आता रोज सकाळी फुगा फुगवायचा व्यायाम करतात, आणि श्वास ओढायच्या त्या तीन चेंडूंच्या प्लास्टिकच्या डब्यात दोन चेंडू वर जातात, तिसरा अजून अडतोय.